टॉवेलावरचे पांढरे डाग

पुन्ता अरेनासचा वारा असा
की दाराची कडी लावायला दोन माणसं लागतात.
माझा इस्माएल तीन आठवडे
गळपट्टा नाकापर्यंत ओढून शाळेत जात होता.
थंडी आहे, म्हणायचा.
थंडी होतीच. खोटं पचायला सोपं गेलं.

न्हाणीघरातला आरसा त्यानं भिंतीकडे वळवून ठेवला,
तेव्हाही मी विचारलं नाही.
मी नळवाला. तुंबलेलं दिसलं की हात घालतो,
विचारपूस करत बसत नाही.
म्हणून मीच त्याला आणून दिला
कपड्यांचा साबण आणि खरखरीत फडकं.
घास, म्हटलं, मळ आहे, निघेल.
निघालं ते कातडं.

माझ्या आईनं मला लिंबू चोळलं होतं,
मग टूथपेस्ट, मग सान सेबास्तियानला मेणबत्ती,
आणि चॉकलेट बंद. नाताळातसुद्धा.
आत्या म्हणायची, पोराच्या मनात पाप असतं,
ते तोंडावर येतं.
मी नखांनी फोडत राहिलो.
गाल अजून तसाच आहे,
मुरूम उपसून नेलेल्या खाणीसारखा.

डॉक्टर मिलेंकानं कागद ओढला,
एक केस काढला, त्याच्या मुळाशी एक पिशवी.
"ही तेलाची ग्रंथी. या वयात शरीर हिला
अचानक रात्रपाळी लावतं.
इथं तोंडाशी पेशी झडतात, पण निघून जात नाहीत,
चिकटून बसतात. झालं बूच.
मागे तेल साचतं. जंतू तर सगळ्यांच्याच कातडीवर असतात,
त्यांना आयती पंगत. मग शरीर चिडतं,
लाल होतं, ठणकतं."
"आणि हे काळं टोक? हा तरी मळच ना?"
"बुचाला हवा लागली की काळं पडतं.
चिरलेलं सफरचंद पडतं, तसं."

"म्हणजे तुंबलेला पाइप," मी म्हणालो,
अनोळखी प्रवासात आपलं गाव लागावं तसा खूश.
तिनं पेन खाली ठेवलं.
"पाइपला दुखत नाही, सेन्योर बारिया."

मग तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला होते का.
खिडकीची काच थरथरत होती.
इस्माएलनं गळपट्टा हनुवटीखाली घेतला
आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा
माझ्या डोळ्यांऐवजी माझ्या गालाकडे बघितलं.
"मला," मी म्हणालो.
एवढं म्हणायला मला पाना लागला असता
तर मी आणला असता.

रात्री एक मलम, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला,
फोडापुरतं नाही.
सकाळी दुसरं, जंतूंसाठी.
साधा साबण, हलक्या हातानं.
उन्हाचं क्रीम, कारण इथलं आकाश विरळ आहे.
गोड कमी केलंस तर थोडा फरक पडेलही,
पण चॉकलेटला फासावर देऊ नकोस.
सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल. सोलेल, चुरचुरेल.
बारा आठवडे.
तेवढ्यानं नाहीच भागलं तर गोळ्या आहेत, तेव्हा बघू.
आणि हात लावायचा नाही.

बारा आठवडे!
मी कुणाचं सिंक बारा तास तुंबलेलं ठेवलं
तर गल्ली माझं नाव टाकेल.
चौथ्या आठवड्यात हनुवटी आणखीच पेटली.
मी तारेसारखं काहीतरी शोधत घरभर फिरलो,
म्हणजे माझ्या हातांनी शोधलं,
मग ते खिशात घालून बसलो.

निळ्या टॉवेलावर पांढरे डाग पडू लागले.
मलम रंग खातं म्हणे.
एक टॉवेल, मग उशीचा अभ्रा, मग माझा आवडता शर्ट,
जो त्यानं न विचारता घातला होता.
फेकायला काढले होते. फेकले नाहीत.

चौदावा आठवडा. दोन फोड नवे,
बाकी चेहरा त्याचा त्याला परत मिळत चाललाय,
हप्त्याहप्त्यानं.
गळपट्टा खुंटीवर विसरून तो बाहेर गेला होता,
परतला तेव्हा नाक गाजरासारखं लाल.

आरसा मी सरळ केला. आत मीच होतो.
बोट आपसूक गालाकडे गेलं.
"बाबा," मागून आवाज आला,
"हात लावायचा नाही."